चान्सलर्सव्हिलचे ‘पळपुटे डच’: अमेरिकन यादवी युद्धातल्या जर्मनांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडच्या सैन्यात दर दहा शिपायांमागे साधारण एक जर्मन होता, हे खरं का? हे लोक भाडोत्री होते का? आणि चान्सलर्सव्हिलची लढाई जर्मन पळाले म्हणून उत्तरेनं गमावली, असं म्हणतात त्यात तथ्य किती?

या युद्धाची आपल्याकडची ओळख बहुतेक कापसापुरतीच आहे. अमेरिकेचा कापूस अडला, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. तिकडे लढत कोण होतं, हे सहसा कोणी विचारत नाही. मी वर्षानुवर्षं हा विषय शिकवला आणि रेजिमेंटांचे हजेरीपट वाचले, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी आकडा. १८६० च्या जनगणनेत अमेरिकेत जर्मन मुलखात जन्मलेले सुमारे १३ लाख लोक होते. उत्तरेच्या सैन्यात त्यांच्यापैकी अंदाजे २ लाख गेले, म्हणजे दहात एक हा हिशेब ढोबळमानाने बरोबर आहे. पण हजेरीपटात ‘जन्मस्थान’ या रकान्यात ‘जर्मनी’ फार कमी दिसतं. तिथे प्रशिया असतं, बाडेन असतं, बव्हेरिया, व्यूर्टेम्बर्ग, हेसन असतं. जर्मनी नावाचं एकसंध राज्य १८७१ पर्यंत नव्हतंच. कॅथलिक बव्हेरियन शेतकरी आणि प्रशियाचा नास्तिक पदवीधर यांना एकमेकांची बोली धड कळायची नाही. त्यांना ‘जर्मन’ म्हणून एका दावणीला बांधलं ते अमेरिकेनं. तेसुद्धा ‘डच’ म्हणून, कारण पूर्वीच्या इंग्रजीत ‘डच’ हा शब्द जर्मनांनाही लावत, आणि ‘डच’ आणि ‘डॉइच’ मुळात एकच. हा मुद्दा लक्षात ठेवा, चान्सलर्सव्हिलला तो पुन्हा लागेल.

आता भाडोत्रीपणाचा प्रश्न. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर ‘परक्या सैन्यातला जर्मन’ म्हटलं की असईचा पोलमान येत असेल तर नवल नाही. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंद्यांच्या कवायती पलटणी ज्याच्या हाताखाली वेलस्लीसमोर उभ्या होत्या तो अँथनी पोलमान हॅनोव्हरचा, आधी कंपनी सरकारच्या नोकरीत असलेला सार्जंट. जो पगार देईल त्याची चाकरी, हा त्याचा सरळ व्यवहार. अमेरिकेलाही भाडोत्री जर्मन माहीत होते: स्वातंत्र्ययुद्धात इंग्लंडच्या राजानं जर्मन संस्थानिकांकडून सुमारे ३० हजार शिपाई भाड्यानं आणले होते, त्यांना सरसकट ‘हेसियन’ म्हणत. १८६१ मध्ये दक्षिणेच्या बाजूचे लोक उत्तरेतल्या जर्मनांना हीच शिवी घालत. शिवी जुनी होती, पण माणसं वेगळी होती. हे लोक अमेरिकेत राहायला आलेले होते. त्यांची दुकानं, शेतं, बायकामुलं तिथेच होती.

तरी सगळ्यांना क्रांतिकारक ठरवणंही भाबडेपणाचं. १८४८-४९ मध्ये जर्मन संस्थानांत लोकशाहीसाठी उठाव झाले, प्रशियाच्या फौजेनं ते चिरडले आणि काही हजार लोक परागंदा होऊन अमेरिकेत आले. त्यांनाच ‘अठ्ठेचाळीसवाले’ म्हणतात. ते शिकलेले, वर्तमानपत्रं चालवणारे, भाषणं ठोकणारे, गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते. पण त्याच दशकात लाखो जर्मन आले ते पोटासाठी. एकट्या १८५४ मध्ये दोन लाखांहून जास्त उतरले. यांतले पुष्कळजण पुढे सैन्यात गेले ते काम नव्हतं म्हणून, भरतीचा बोनस मिळतो म्हणून, शेजारची पोरं निघाली म्हणून. शिवाय जुलै १८६२ च्या कायद्यानं सन्मानानं सेवामुक्त झालेल्या परदेशी शिपायाला एका वर्षाच्या रहिवासावर नागरिकत्व मागता येऊ लागलं. सक्तीची भरती आली तेव्हा विस्कॉन्सिनमध्ये पोर्ट वॉशिंग्टन इथे जर्मन आणि लक्झेंबर्गी कॅथलिकांनी नोव्हेंबर १८६२ मध्ये दंगा करून भरतीची कागदपत्रं जाळली. १८६४ मध्ये तर बोस्टनच्या दलालांनी काहीशे माणसं थेट जर्मनीतून आणून मॅसॅच्युसेट्सच्या रेजिमेंटांत भरली. ‘भाडोत्री’ हा शब्द कुणाला लावायचाच तर या शेवटच्या मूठभरांना लावा. त्यातही फसवले गेलेले किती असतील ते सोडून द्या.

आणखी एक कारण पुस्तकांत कमी येतं, मला ते वजनदार वाटतं. १८५० च्या दशकात परदेशीयांविरुद्ध मोठी लाट आली होती. ६ ऑगस्ट १८५५ ला लुईव्हिलमध्ये निवडणुकीच्या दिवशी जमावानं जर्मन आणि आयरिश वस्त्यांवर हल्ले केले, किमान २२ माणसं मेली. सहा वर्षांनी त्याच देशानं हाक दिली तेव्हा ‘आम्ही इथले आहोत की नाही ते आता बघा’ ही ईर्षा या लोकांत होती. पुढे ‘पळपुटे’ म्हणून जो घाव बसला तो इतका खोल का गेला, ते यावरून कळेल.

जर्मनांचं सर्वांत मोठं काम कुठल्याही प्रसिद्ध रणांगणावर झालं नाही. ते झालं सेंट लुईस शहरात, १८६१ च्या वसंतात, खरी युद्धं सुरू व्हायच्या आधी. मिसूरी हे गुलामगिरीचं राज्य. गव्हर्नर क्लेबोर्न जॅक्सन मनानं दक्षिणेचा. त्यानं लिंकनला सैन्य द्यायला साफ नकार दिला होता. सेंट लुईसच्या शस्त्रागारात सुमारे ६० हजार बंदुका होत्या, त्या ज्याच्या हाती लागतील त्याचं मिसूरी. पण याच शहराच्या १ लाख ६० हजार वस्तीत जवळपास ५० हजार लोक जर्मन मुलखात जन्मलेले होते, आणि ते विखुरलेले नव्हते. त्यांचे ‘टुर्नफेराइन’ होते. टुर्नफेराइन म्हणजे चक्क तालीम. फरक इतकाच की आपल्या तालमीत दूध-बदाम, त्यांच्याकडे लागर बिअर. कसरत, राजकारण, गाणं, वाचनालय, सगळं एका छपराखाली. तिथली पोरं हिवाळाभर बंद दारांआड बंदुकीची कवायत करत होती.

कॅप्टन नॅथॅनिएल लायन आणि पुढारी फ्रँक ब्लेअर यांनी याच पोरांना शस्त्रागारात बोलावून हत्यारं दिली. १० मे १८६१ ला, बहुतांशी जर्मन असलेल्या रेजिमेंटांनी गावाबाहेर ‘कँप जॅक्सन’ इथे तळ ठोकलेल्या राज्याच्या मिलिशियाला (हंगामी नागरी फौजेला) घेरलं आणि एक गोळी न झाडता जवळपास ६७० जणांना पकडलं. इथवर ठीक. पण कैद्यांना शहरातून चालवत नेताना बघ्यांची गर्दी जमली, ‘डचां’ना शिव्या, मग दगड, मग कुठून तरी गोळी, आणि शिपायांनी गर्दीवर गोळीबार केला. सुमारे २८ जण मेले, त्यांत बायका-मुलंही होती. त्या गर्दीत ट्राम कंपनीचा एक अध्यक्ष आपल्या लहान मुलाला घेऊन बघायला आला होता, तो मुलाला घेऊन जमिनीवर आडवा झाला. त्याचं नाव विल्यम शेरमन. युलिसिस ग्रँटही त्या दिवशी शहरातच होता. पुढे उत्तरेचे सर्वांत मोठे सेनापती झालेल्या या दोघांनाही तेव्हा कुणी विचारत नव्हतं.

या दिवसाची दोन्ही टोकं धरून ठेवावीत असं माझं मत आहे. शस्त्रागार वाचलं आणि मिसूरी उत्तरेकडे राहिलं, हे जर्मनांशिवाय होणं अवघड होतं. पण तटस्थ असलेले कितीतरी मिसूरीकर त्या गोळीबारानं दक्षिणेकडे ढकलले गेले, आणि राज्यात पुढची चार वर्षं गावागावांत खुनाखुनी चालली, हेही तितकंच खरं.

इथूनच फ्रांत्स सीगल पुढे आला. बाडेनच्या क्रांतीत हा तरुण लष्करी अधिकारी युद्धमंत्री झाला होता, अमेरिकेत शिक्षक. जर्मनांत त्याचं नाव एवढं की ‘आपण सीगलसंगं लढतो’ अशा अर्थाचं मोडक्या इंग्रजीतलं गाणं घराघरांत गेलं. सेनापती म्हणून मात्र तो बेताचाच. ऑगस्ट १८६१ मध्ये विल्सन्स क्रीकला त्यानं समोरून येणाऱ्या लुइझियानाच्या रेजिमेंटला आपलेच आयोवावाले समजून जवळ येऊ दिलं, आणि त्याची तुकडी उधळली. मार्च १८६२ मध्ये पी रिजला त्यानं तोफखाना उत्तम चालवला, तेवढी एक चांगली नोंद. मे १८६४ मध्ये न्यू मार्केटला दक्षिणेच्या लष्करी शाळेतली पोरं लढायला उतरली होती, त्या लढाईत तो हरला. ऐन धुमश्चक्रीत तो जर्मनमध्ये हुकूम सोडू लागला, असं त्याच्या हाताखालच्या एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. लिंकनला हे कळत नव्हतं असं नाही. पण सीगलचं नाव म्हणजे हजारोंची भरती आणि जर्मनांची मतं. ती किंमत लिंकननं जाणूनबुजून मोजली.

आता चान्सलर्सव्हिल.

व्हर्जिनियात मे १८६३. उत्तरेचा सेनापती जोसेफ हूकर, त्याच्याकडे दक्षिणेचा सेनापती ली याच्या दुप्पट फौज. हूकरच्या अगदी उजव्या टोकाला अकरावी कोअर (काही डिव्हिजन मिळून झालेला सैन्यविभाग), सुमारे ११-१२ हजार माणसं. तिच्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त रेजिमेंटा जर्मन मानल्या जात. बाकी ओहायो, न्यूयॉर्क, कनेक्टिकटचे अमेरिकन. सीगल काही महिन्यांपूर्वीच रुसून ही कोअर सोडून गेला होता, आणि त्याच्या जागी आला होता ऑलिव्हर हॉवर्ड: एक हात गमावलेला, देवभोळा, जर्मनांना पूर्ण अनोळखी. बिअर पिणारे नास्तिक शिपाई आणि हा सेनापती, जुळणार कसं?

कोअर रस्त्यालगत दक्षिणेकडे तोंड करून बसली होती. उजवं टोक जंगलात असंच उघडं. नदीचा आधार नाही, टेकडी नाही. पश्चिमेकडे वळवलेल्या दोन रेजिमेंटा आणि दोन तोफा, एवढाच बंदोबस्त. २ मे ला सकाळी लीचा सरदार स्टोनवॉल जॅक्सन (मिसूरीचा गव्हर्नर जॅक्सन वेगळा) सुमारे २८ हजार माणसं घेऊन बारा मैलांचा वळसा घालून या टोकाच्या मागे यायला निघाला. हे गुपचूप झालं असं समजू नका. त्याच्या फौजेच्या रांगा उत्तरेच्या लोकांना दिसल्या. हूकरनं सकाळीच हॉवर्डला उजव्या बाजूकडे लक्ष द्यायला कळवलं. हॉवर्डचं म्हणणं, असा हुकूम आपल्याला मिळालाच नाही. त्याच्या हाताखालचा डिव्हिजन कमांडर कार्ल शुर्त्स याचं म्हणणं, तो मी स्वतः त्याला वाचून दाखवला. दुपारपर्यंत हूकरलाच वाटू लागलं की जॅक्सन पळतोय. मग हॉवर्डची राखीव ब्रिगेड दुसरीकडे धाडली गेली, आणि हॉवर्ड स्वतः तिच्याबरोबर गेला.

दुपारभर पुढच्या चौक्यांवरून निरोप येत होते: जंगलात मोठी फौज आहे. तोफखान्याचा कॅप्टन ह्यूबर्ट डिल्गर स्वतः घोड्यावरून बघून आला, जेमतेम सुटला, मुख्य तळावर सांगायला गेला. कुणी ऐकलं नाही. उजव्या टोकाच्या डिव्हिजनचा प्रमुख चार्ल्स डेव्हन्स, मॅसॅच्युसेट्सचा वकील, यानंही निरोप उडवून लावले. शुर्त्सनं तोंड पश्चिमेकडे वळवायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. शेवटी त्यानं आपल्या जबाबदारीवर तीन रेजिमेंटा वळवल्या. टोकाच्या त्या दोन सोडल्या तर जवळपास तेवढ्याच त्या दिवशी योग्य दिशेला बघत होत्या.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास जंगलातून हरणं आणि ससे धावत आले. स्वयंपाकाला बसलेले शिपाई हसले. हरणांमागे जॅक्सन होता.

आता तुम्हीच सांगा. बाजूनं, पाठीमागून, अडीचपट फौज, बंदुका टेकवून ठेवलेल्या, तोंड भलतीकडे. डेव्हन्सची डिव्हिजन काही मिनिटांत उधळली, तिच्यात जर्मनही होते आणि ओहायो-कनेक्टिकटवालेही. दोघेही सारखेच धावले. हो, पळाले. हजारो पळाले, आणि ते नाकारणाऱ्या जर्मन-अभिमान्यांशी माझं जमत नाही. पण शुर्त्सच्या वळवलेल्या रेजिमेंटा, त्यांत मिलवॉकी भागातली २६ वी विस्कॉन्सिन, पहिल्याच लढाईत, भरपूर माणसं गमावून उभी राहिली. बुशबेकच्या ब्रिगेडनं डाउडॉल टॅव्हर्नजवळ शेवटची फळी धरली. डिल्गर एक तोफ मागे खेचत, थांबत, झाडत रस्त्यानं माघारी आला. त्याला पुढे काँग्रेसचं शौर्यपदक मिळालं. तास-दीड तासात कोअरची सुमारे २४०० माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. जे फक्त पळतात त्यांची अशी हानी होत नाही. त्याच रात्री अंधारात जॅक्सनला त्याच्याच माणसांच्या गोळ्या लागल्या, आणि आठ दिवसांनी तो गेला.

लढाई हूकरनं गमावली. नंतरच्या दोन दिवसांतल्या त्याच्या निर्णयांनी गमावली. पण वर्तमानपत्रांना सोपं उत्तर हवं होतं: पळपुटे डच. शुर्त्सनं आपला अहवाल छापा म्हणून विनंती केली, मग चौकशी समिती नेमा म्हणाला. दोन्ही नाकारलं. न्यूयॉर्कच्या जर्मनांनी जूनमध्ये निषेधाची सभा घेतली. हॉवर्ड आणि डेव्हन्स यांच्या ‘अमेरिकनपणा’वर कुणी बोट ठेवलं नाही. हॉवर्डच्या नावानं आज वॉशिंग्टनमध्ये विद्यापीठ आहे, डेव्हन्सच्या नावानं पुढे लष्करी छावणी झाली.

दोन महिन्यांनी गेटिसबर्गलाही हीच कोअर पहिल्या दिवशी गावाच्या उत्तरेला बाजूनं कापली गेली, आणि डाग गडद झाला. तिथे ब्रिगेडियर अलेक्झांडर शिमेलफेनिग गावातल्या गल्लीत अडकला आणि एका घराच्या परसात लपून दोनाहून जास्त दिवस काढले. वर्तमानपत्रांनी डुकरांच्या खुराड्यातला सेनापती म्हणून त्याची टिंगल केली. फेब्रुवारी १८६५ मध्ये चार्ल्सटन शहराची शरणागती त्यानंच स्वीकारली, तेव्हा त्या टिंगलखोरांनी काय लिहिलं ते शोधायला गंमत येते.

आणि तेच शिपाई पश्चिमेकडे गेल्यावर? १८६३ च्या शरदात अकरावी आणि बारावी कोअर रेल्वेनं टेनेसीकडे नेली, पुढे दोन्ही मिळून विसावी झाली आणि शेरमनबरोबर अटलांटाकडे निघाली. जुलै १८६४ मध्ये पीचट्री क्रीकला त्याच २६ व्या विस्कॉन्सिननं ३३ व्या मिसिसिपीचं निशाण जिंकून घेतलं. माणसं तीच, भाषा तीच. बदललं होतं ते एवढंच की या वेळी शत्रू समोर होता आणि वर बसलेला माणूस शुद्धीवर होता.

सीगलऐवजी वाचकांनी ज्याच्याकडे बघावं असा माणूस म्हणजे ऑगस्ट व्हिलिख. प्रशियाच्या तोफखान्यातला अधिकारी, नोकरी सोडून कम्युनिस्ट झाला. १८४९ च्या बाडेनच्या मोहिमेत खुद्द फ्रीडरिख एंगल्स त्याचा सहायक होता. लंडनला मार्क्स त्याला फारच मवाळ वाटला. भांडण एवढं विकोपाला गेलं की त्यानं मार्क्सला द्वंद्वाचं आव्हान दिलं. मार्क्सनं ते टाळलं. व्हिलिख अमेरिकेत सुतारकी करून, मग सिनसिनाटीला वर्तमानपत्र चालवून राहिला, आणि युद्ध सुरू झालं त्याच वर्षी ३२ व्या इंडियाना या संपूर्ण जर्मन रेजिमेंटचा कर्नल झाला. कवायत जर्मनमध्ये, हुकूम जर्मनमध्ये. डिसेंबर १८६१ मध्ये केंटकीत रोलेट्स स्टेशनला टेक्सासच्या घोडदळानं हल्ला केला तेव्हा या पलटणीच्या लोकांनी चौकोनी व्यूह करून तो परतवला. एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी गोळ्यांच्या पावसात शिपाई डगमगू लागले, तर हा शत्रूकडे पाठ करून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यांच्याकडून बंदुकीची कवायत करून घेतली, जणू परेड मैदानच. मग पुढे सरकला. सीगलची लोकप्रियता आणि व्हिलिखचं डोकं एकाच माणसात असतं तर, असं मला पुष्कळदा वाटतं. पीटर ओस्टरहाउसही असाच, गाजावाजा न करता मेजर जनरल झाला.

दक्षिणेत जर्मन नव्हते का? थोडे होते. दक्षिणेचा पहिला अर्थमंत्री ख्रिस्तोफर मेमिंजर व्यूर्टेम्बर्गमध्ये जन्मलेला. चार्ल्सटनच्या जर्मन व्यापाऱ्यांचा स्वतःचा तोफखाना होता. माणूस जिथे पोट भरतो तिथली बाजू घेतो, हे तिथेही दिसतं. टेक्सासच्या डोंगराळ भागातल्या जर्मनांनी मात्र दक्षिणेशी निष्ठेची शपथ घ्यायचं टाळलं. त्यांतले साठेक जण मेक्सिकोकडे निघाले असता १० ऑगस्ट १८६२ च्या पहाटे न्यूएसेस नदीकाठी दक्षिणेच्या घोडेस्वारांनी त्यांना गाठलं. १९ जण लढताना पडले, जखमी होऊन हाती लागलेल्यांना नंतर गोळ्या घातल्या. प्रेतं उघड्यावर राहिली. युद्ध संपल्यावर कम्फर्ट गावच्या लोकांनी हाडं गोळा करून आणली आणि १८६६ मध्ये वर स्तंभ उभा केला. त्यावर जर्मनमध्ये कोरलंय, ‘ट्रॉय डेर युनिऑन’. संघराज्याशी निष्ठा.

याहून जुना दगड व्हिलिखच्या पलटणीचा. रोलेट्स स्टेशनला पडलेल्यांसाठी त्यांच्यातल्याच ऑगस्ट ब्लोडनर नावाच्या शिपायानं जानेवारी १८६२ मध्ये चुनखडीच्या दगडावर गरुड, तोफा आणि जर्मन मजकूर कोरला. यादवी युद्धाचं आजवर टिकलेलं सर्वांत जुनं स्मारक म्हणून तो ओळखला जातो. दगड मऊ, अक्षरं ऊन-पावसानं निघून गेली. म्हणून २००८ मध्ये तो लुईव्हिलच्या केव्ह हिल स्मशानभूमीतून हलवला आणि आता त्याच शहरातल्या संग्रहालयात छपराखाली ठेवलाय. लुईव्हिल म्हणजे तेच, जिथे १८५५ मध्ये जर्मन वस्तीवर हल्ले झाले होते.